मिशनच्या शाळेतला गोफ

शिवणाच्या पेटीत तळाशी कातरणं साठतात. ती कुणी मुद्दाम ठेवत नाही, कुणी टाकूनही देत नाही. एखाद्या दिवशी सुई शोधायला पेटी उपडी करावी, तर मांडीभर चिंध्या निघतात आणि प्रत्येक चिंधी कुठल्या कपड्याची ते आठवत बसायला होतं. माझ्या किश्शांचं तसंच आहे. कुंभकोणम्‌च्या मुलींच्या मिशन शाळेत मी अकरा वर्षं शिवण शिकवलं, पण शिवणाबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. चार जणी जमल्या की म्हणतात, "टीचर, ते तुमच्या दोऱ्यांचं सांगा." एक सांगितलं की त्याचं बोट धरून दुसरं येतं, आणि कॉफी गार होते.

आमचं घर मराठी. तंजावरच्या राजांच्या वेळी आलेलं. ते राज्य खालसा होऊन माणसांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या, सगळीकडे इंग्रजांचा अंमल होता, तरी तमिळ शेजारी आम्हाला अजून 'रायर', म्हणजे राव, असंच म्हणत. शाळेत मी 'रायर टीचर'.

* * *

आमच्या हेडमिस्ट्रेस मिस टिंडल. उंच, सडपातळ, ऊन असो नसो हातात छत्री. त्या विलायतेत पुस्तकातून तमिळ शिकलेल्या. व्याकरणात एक चूक सापडायची नाही, पण ऐकणाऱ्याला काय कळेल याचा भरवसा नसे.

एका सकाळी प्रार्थना संपल्यावर त्या आम्हा शिक्षिकांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिन्नल यारुक्कु तेरियुम्?" म्हणजे, पिन्नल कुणाला येतं?

तमिळमध्ये पिन्नल म्हणजे वेणी. त्या दिवशी शाळेचा फोटो काढायला फोटोग्राफर यायचा होता आणि निम्म्या मुली विस्कटलेल्या वेण्यांनी आल्या होत्या. मी हात वर केला.

"किती जणींची?" मिस टिंडल यांनी विचारलं.

"दहा मिनिटांत आठ जणींच्या करते."

"आठ. अगदी आठच हव्यात," असं म्हणून त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शेजारी हार्मोनियमच्या ज्ञानम् टीचर बसल्या होत्या, त्यांनी पदराआड तोंड लपवलं. दुपारी त्यांनीच मला समजावलं. मिस टिंडल यांना हवं होतं 'पिन्नल कोलाट्टम्', आपल्याकडे ज्याला गोफ म्हणतात ते. वर एक कडी, कडीला आठ रंगीत दोऱ्या, खाली आठ मुली. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात टिपरी. एकमेकींच्या आतून-बाहेरून नाचत जायचं म्हणजे दोऱ्यांचा गोफ विणला जातो, आणि त्याच पावलांनी उलटं नाचत आलं की तो सुटतो. मिस टिंडल यांनी तो कुठल्याशा उत्सवात पाहिला होता. त्यांच्या विलायतेतल्या खेड्यातही मुली खांबाभोवती फिती घेऊन नाचत, ते आठवून त्यांचे डोळे भरून आले होते म्हणे. शाळेच्या वार्षिक समारंभात तो नाच करायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं.

मला गोफाचा ग सुद्धा येत नव्हता. पण मिस टिंडल यांनी वहीत लिहिलेलं खोडायची त्या शाळेत पद्धत नव्हती.

* * *

आता हे घरी सांगायचं कसं? माझ्या सासूबाईंना आम्ही अत्याबाई म्हणत असू. मी मिशनच्या शाळेत जाते हेच त्यांना पसंत नव्हतं. संध्याकाळी मागच्या दारानं यायचं, विहिरीवर आंघोळ करायची आणि मगच चुलीपाशी जायचं. शाळेत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. या कराराबाहेर त्यांनी त्या शाळेचं नाव कधी काढलं नव्हतं.

त्या केळफूल निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "अत्याबाई, शाळेत गोफ बसवायचा आहे."

"कोण बसविणार?"

"मी."

"तुज येतो?"

"नाही."

त्यांनी केळफूल बाजूला ठेवलं आणि हात पुसले. "माहेरीं, तिरुविसनल्लुरांत, अष्टमीच्या भजनाला आम्हीं धरीत होतों. माझी चौथी दोरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झोपाळ्याची फळी उतरवून घेतली आणि कडीला आठ सुतळ्या बांधल्या. मी आणि शेजारच्या सहा जणी, झाल्या सात. आठवी मिळेना. एवढ्यात आमचे हे कोर्टातून आले. हे कोर्टात कारकून. अंगात कोट, डोक्याला पागोटं, काखेत कागद.

"उभा रहा तेथें," अत्याबाई म्हणाल्या.

आईपुढे ह्यांचं कधी काही चाललं नाही. कोटासकट उभे राहिले, एका हातात सुतळी आणि दुसऱ्या हातात रवी. तिसऱ्या फेरीला कुठलासा कागद विचारायला एक वकील दारात आले. दार उघडंच होतं. आम्ही सगळ्या पदर सावरून जागच्या जागी थांबलो. हे मधोमध, मानेभोवती दोन सुतळ्या.

वकिलांनी शांतपणे सगळं पाहून घेतलं. "रायर," ते म्हणाले, "कोर्टात तुम्ही बांधलेली फाईल मला आजवर कधी सोडवता आली नाही. आज कारण कळलं."

* * *

शाळेत तालमी सुरू झाल्या. आवारात मधोमध कडुनिंब होता, त्याच्या फांदीला कडी लावली. रोज संध्याकाळी मी घरी जाऊन काय झालं ते सांगायची आणि अत्याबाई कपाळाला हात लावायच्या. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तूं सांगतेस तें ऐकून माझें डोकें दुखतें. मी पाहीन."

पण शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्या बाजूच्या गल्लीतून आल्या. कुंपणाची भिंत पुरुषभर उंच. राखणदार देवसहायम्‌नं आपलं स्टूल बाहेर नेऊन ठेवलं. अत्याबाईंनी त्यावर पाणी शिंपडलं आणि वर चढल्या. आम्हाला भिंतीवर नुसतं त्यांचं डोकं दिसे, केशवपन केलेलं, त्यावर तांबड्या लुगड्याचा पदर. मुली तमिळ, म्हणून अत्याबाईही तमिळमध्येच ओरडायच्या: "चौथी, वळ. कोपर खाली. हसतेस काय, मोज."

तिसऱ्या दिवशी मिस टिंडल यांनी ते पाहिलं. त्या छत्री उघडून सरळ भिंतीकडे निघाल्या. मला वाटलं, आता गोफही गेला आणि नोकरीही गेली.

"आत या," मिस टिंडल पुस्तकातल्या तमिळमध्ये म्हणाल्या.

"येणार नाही," अत्याबाई म्हणाल्या.

मिस टिंडल यांनी जरा विचार केला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालमीला गेलो तर कडी मधल्या कडुनिंबावर नव्हती. ती भिंतीलगतच्या झाडावर लावलेली होती. अत्याबाईंच्या तोंडावर उतरतं ऊन येत होतं. मिस टिंडल भिंतीच्या अलीकडे उभ्या राहिल्या आणि हात उंच करून छत्री पलीकडे धरली. अर्धा तास.

घरी आल्यावर अत्याबाई म्हणाल्या, "बाई समजूतदार आहे. धर्म तेवढा चुकला."

* * *

मग गाण्याचा प्रश्न आला. मी कृष्णाचं एक गाणं सुचवलं. ज्ञानम् टीचर पाद्रीसाहेबांच्या बहीण. त्यांनी हार्मोनियमचं झाकण लावलं. मग त्यांनी येशूचं एक भजन सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात पाच हिंदू मुलींच्या आया उभ्या.

मिस टिंडल यांनी निकाल दिला: कुठलाही देव नसलेलं गाणं घ्या.

ज्या गावात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी देऊळ आहे, तिथं देव नसलेलं गाणं आणायचं कुठून? आम्ही आठवडाभर शोधलं. पेरणीच्या गाण्यात इंद्र निघाला, अंगाईत मुरुगन. शेवटी अन्नम्माळ नावाची एक मुलगी म्हणाली, "टीचर, आठचा पाढा म्हणू?"

अन्नम्माळ ख्रिस्ती, चर्चमध्ये उपदेशकाचं काम करणाऱ्याची लेक. शांत चेहऱ्याची, पण बोलली की नेमकं बोलणारी. पाढा टिपऱ्यांवर बरोब्बर बसला. ज्ञानम् टीचरनी त्याला चाल लावली आणि आमचा गोफ 'एट्टु एट्टु अरुबत्तिनालु', आठ आठे चौसष्ट, असा फिरू लागला.

परीक्षेच्या वेळी बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले. त्यांनी अलमेलूला उभं केलं. अलमेलू आमच्या गोफात सगळ्यात चलाख, वर्गातही पहिली, आणि अन्नम्माळची जिवाची मैत्रीण.

"आठ साते?" परीक्षकांनी विचारलं.

अलमेलू डावीकडून एक गिरकी घेऊन पुन्हा समोर आली, पट्टी बाकावर एकदा टेकवली आणि म्हणाली, "छप्पन्न."

"उत्तर बरोबर आहे," परीक्षक म्हणाले, "पण फिरलीस कशाला?"

"न फिरता येत नाही, सर."

* * *

समारंभाच्या महिनाभर आधी सरकारी इन्स्पेक्ट्रेस बाई शाळा तपासायला आल्या. मिस टिंडल यांनी त्यांना गोफ दाखवायचं ठरवलं.

विणणं छान झालं. उलगडताना कुठल्याशा फेरीला अन्नम्माळनं बाहेरून जायच्या जागी आतून घेतलं. गोफात चूक एकीची असली तरी ती तिच्यापाशी राहत नाही. पुढच्या फेरीला ती दोघींची झाली, त्याच्या पुढच्या फेरीला चौघींची. दोऱ्या सुटायच्या ऐवजी आखूड होत चालल्या. मुली पाढा म्हणत म्हणत जवळ येत गेल्या. शेवटी नारळाएवढी एक गाठ, आणि तिच्याखाली आठ डोकी एकमेकांना टेकलेली. पाढा संपला. कुणालाच हलता येईना. मी डोळे मिटून घेतले.

टाळ्यांचा आवाज आला म्हणून उघडले. इन्स्पेक्ट्रेस बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "शेवटी कमळाची कळी मिटते, ते किती सुंदर," त्या मिस टिंडल यांना म्हणाल्या. "समारंभाला कलेक्टरसाहेबांच्या पत्नी येतील. हे त्यांना दाखवायलाच हवं." शेऱ्यातही त्यांनी तसं लिहिलं.

गाठ मी कात्रीनं कापली होती, त्यामुळे ती कशी बसली ते कळायला मार्ग नव्हता. अन्नम्माळला बोलावलं. "कुठं चुकलीस?"

"कळलं असतं तर चुकले असते का, टीचर?"

पुढचे कित्येक दिवस आम्ही ती चूक शोधत होतो. अन्नम्माळ रोज मनापासून चुकायला जायची आणि रोज गोफ सुरेख सुटायचा. इतक्या वर्षांत कुठल्या मुलीला बरोबर केल्याबद्दल मी रागावले असेन, तर त्याच दिवसांत.

शेवटी भिंतीवरून अत्याबाई म्हणाल्या, "त्या दिवशी सहाव्या फेरीला ही अलमेलूकडे बघून हसली होती. तिला हसू द्या."

अलमेलूनं सहाव्या फेरीला डोळे फिरवून दाखवले. गाठ बसली.

* * *

याच सुमारास पुण्याच्या एक बाई यजमानांबरोबर आमच्या गावी देवदर्शनाला आल्या होत्या. मिशनच्या शाळेत गोफ चालतो हे कानावर आलं म्हणून तालीम पाहायला आल्या. हौशी, हसतमुख बाई. मी त्यांना घरी घेऊन गेले.

अत्याबाई ओसरीवर उभ्या होत्या. "यावें. आपलें येणें कोण्या गांवींहून झालें?"

बाई दचकल्याच. "पुण्याहून."

"वाटेंत श्रम फार झाले असतील. बसावें."

बाईंना हसू आवरेना. "राग मानू नका हं, पण तुम्ही किती जुनं बोलता. आमच्याकडे असलं मराठी फक्त बखरीत वाचायला मिळतं."

अत्याबाईंनी राग मानला नाही. कॉफी दिली, तिरुविसनल्लूरच्या अष्टमीचं सांगितलं. बाई मध्ये मध्ये "ऑलराइट", "व्हेरी नाइस" म्हणत होत्या. मग "टाइम झाला, ट्रेन मिस होईल" असं म्हणून उठल्या, वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

त्यांचा जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, वळणाआड जाईपर्यंत अत्याबाई दारात उभ्या होत्या. "पोर गुणाची आहे," त्या म्हणाल्या. "बोली मात्र विसरली. लहानपणापासून परमुलुखांत राहिली असेल."

* * *

आता समारंभाच्या दिवसाचं.

अलमेलू पुढे मद्रासला ट्रेनिंगला गेली आणि शिक्षिका झाली. लग्नही झालं, पण पाच वर्षांनी, आणि तिच्या मर्जीनं. हे सगळं त्या एका दुपारवर लोंबकळत होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मिस टिंडल तिला पाठवायला तयार होत्या. वडील हो-नाही करत होते. तेवढ्यात तिरुक्करुगावूरच्या एका मातबर घरातून सांगून आलं. मुलाची आई म्हणाली, दाखवायचा कार्यक्रम नको. समारंभात नाचताना मुलगी सहज बघून घेईन. अलमेलूच्या चुलतीनं त्यांना खूण सांगून ठेवली: "हिरवी दोरी धरील ती आमची." जमलं असतं तर पुढच्याच मुहूर्ताला लग्न, आणि शाळा संपली. अलमेलू हे फक्त अन्नम्माळपाशी बोलली होती.

आठही जणींचा पोशाख एकसारखा. परकर, ओढणी, केसांत मोगरा, आणि कपाळावर रुपेरी कागदाची चांदणी. चांदणी ही मिस टिंडल यांची तोड होती. हिंदू आयांना मोकळं कपाळ नको, ख्रिस्ती आयांना कुंकू नको. चांदणी दोघींना चालली.

मुली रिंगणात उभ्या राहिल्या, बघते तो दोऱ्यांची अदलाबदल. हिरवी दोरी अन्नम्माळच्या हातात, तिची पिवळी अलमेलूच्या हातात. मी शेवटच्या ओढण्या टाचत होते, तोंडात टाचण्या, त्यामुळे ओरडताही येईना. पण गोफ विणला गेला, कळी मिटली, कलेक्टरसाहेबांच्या पत्नींनी टाळ्या वाजवल्या.

नंतर बक्षीससमारंभ सुरू झाला. अलमेलूची चुलती पुढच्या रांगेत अडकली होती. मी मागच्या व्हरांड्यात गुडघ्यावर बसून अन्नम्माळच्या ओढणीच्या टाचण्या काढत होते आणि तोंडात धरत होते. तेवढ्यात भारी रेशमी लुगडं नेसलेल्या, हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या एक मामी (तिथं प्रौढ ब्राह्मण बायकांना मामीच म्हणतात) आल्या आणि बाकावर टेकल्या. अन्नम्माळकडे त्यांनी आपादमस्तक पाहिलं.

"नाव काय ग, बाळ?"

"अन्नम्माळ, मामी."

मामींच्या कपाळाला बारीक आठी पडली. नाव त्यांना वेगळं सांगितलेलं असणार. मग स्वतःशीच म्हणाल्या, "घरी लाडानं म्हणत असतील." आणि पुढे विचारलं, "वडील काय करतात?"

"कोविलात असतात."

तमिळमध्ये देवळाला कोविल म्हणतात. आणि ख्रिस्ती लोक चर्चलाही कोविलच म्हणतात. मामींची आठी गेली.

"रोज जातात?"

"रोज. रविवारी जास्त काम असतं."

"रविवारी? सूर्याचं काही व्रत असेल. छान. सकाळी उठून स्तोत्रं म्हणतेस?"

"म्हणते, मामी. जेवायच्या आधीही म्हणते."

"आजकाल कोण म्हणतं," मामी म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी निवला. त्या पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "गोत्र कोणतं?"

मी वर पाहिलं. अन्नम्माळच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. आपण सगळे कुणाचे वंशज, हे तिला रविवारच्या शाळेत लहानपणापासून शिकवलेलं.

"आब्राहामाचं," ती म्हणाली.

मामी विचारात पडल्या. ओठांतल्या ओठांत त्यांनी दोन-चार ऋषींची नावं मोजली. "आब्राहाम ऋषी... उत्तरेकडचे का?"

"हो मामी. बरेच उत्तरेकडचे."

मामी माझ्याकडे वळल्या. "टीचरम्मा, तुम्ही रायर लोकही उत्तरेकडूनच आलात ना? हे गोत्र तुमच्यात आहे का?"

मी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून सुयांच्या उशीत खोचल्या. खांबाआडून अलमेलू माझ्याकडे पाहत होती. गोत्र विचारतात ते सोयरिकीसाठी; दोऱ्या का बदलल्या ते मला तेव्हा उमगलं.

"आमच्यात नाही, मामी," मी म्हटलं. "पण फार जुनं गोत्र आहे म्हणतात."